उतरण

राजगडाहून गुंजवण्याच्या वाटेने उतरताना चोरदरवाजाखालचा कातळाचा टप्पा लोखंडी कठड्याला धरून नीट पार पडला होता. त्याखालच्या सोंडेवर, जिथे अवघड भाग संपला असे समजून माणूस गप्पा मारू लागतो नेमक्या त्याच ठिकाणी, माझा डावा पाय घसाऱ्यावरून, म्हणजे उतारावरच्या सुट्या माती-खड्यांवरून, सरकला, बुटाचे टोक एका मुळात अडकले आणि पाऊल तिथेच राहून उरलेले शरीर उजवीकडे वळले. गुडघ्याच्या आतल्या बाजूला ओले कापड टरकावे तसे काहीतरी जाणवले. आवाज मात्र आला नाही. पाच मिनिटे बसले, पाणी प्यायले, उठून पाहिले तर उभे राहता येत होते, म्हणून पाय मुरगळला असेल असे मीच सोबत्यांना सांगून टाकले. एरवी दीड तासात संपणारी ती उतरण त्या दिवशी चार तासांची झाली, आणि शेवटचे दोन-तीन टप्पे तर मी चक्क बसून, हातांवर भार देत, सरपटत उतरले. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा होता. मार्गासनीला चहाला थांबलो तेव्हाही गुडघा दिसायला अगदी नेहमीसारखाच होता. सूज आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

सूज उशिरा आली एवढ्या एका गोष्टीवरून अस्थिरोगतज्ज्ञांनी बरेच काही ओळखले. एसीएल हा गुडघ्याला स्थिर ठेवणारा मुख्य अस्थिबंध तुटला असता तर आत रक्तस्राव होऊन दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला असता. सावकाश, रात्रभरात येणारी सूज बहुधा मेनिस्कसची, म्हणजे आपण ज्याला गुडघ्याची गादी म्हणतो तिची असते, असे त्यांनी सांगितले. एमआरआयमध्ये तेच निघाले. आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग फाटला होता आणि अस्थिबंध शाबूत होते. त्यांनी मला एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला : गुडघा मध्येच अडकतो का, अडकून सरळच होत नाही असे होते का, हलवून मोकळा करावा लागतो का? तिन्ही वेळा उत्तर नाही असे आल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेचा विषय बाजूला ठेवला. फिनलंडमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा त्यांनी उल्लेख केला. वयोमानाने झिजून फाटलेल्या गादीच्या १४६ रुग्णांपैकी काहींचा फाटका भाग दुर्बिणीने काढला आणि काहींवर फक्त शस्त्रक्रियेचे नाटक केले, तरी वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र त्या चाचणीत मोठ्या अपघाताने जायबंदी झालेले रुग्ण घेतलेले नव्हते, तुमचे प्रकरण थोडे वय आणि थोडा अपघात असे मिश्र आहे, त्यामुळे तो निष्कर्ष तुम्हाला तंतोतंत लागू आहे असे मी म्हणणार नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले. माझे वय तेव्हा ५१ होते. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो आणि आतल्या भागाला तो जवळजवळ नसतो, म्हणून फाटलेले सगळे पुन्हा जुळून येईल अशी आशा धरायची नाही. भोवतालचे स्नायू इतके तयार करायचे की गुडघ्याला त्या फाटक्या गादीची आठवण कमी यावी. तीन महिने व्यायाम करून पाहू आणि मग ठरवू, असे ठरले.

पहिले तीन आठवडे बर्फ, कुबडी आणि आप्तांचे सल्ले यांत गेले. एका मावशींनी निर्गुडीचा पाला शेकून बांधायला सांगितला आणि मी तो बांधलाही. उबेने बरे वाटे, त्यापलीकडे त्याला श्रेय देण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, वज्रासन आणि एका पायावर गर्रकन वळणे यांना सक्त मनाई होती, कारण गुडघा पूर्ण दुमडला की सगळा दाब गादीच्या मागच्या भागावर, म्हणजे जिथे फाटले होते तिथेच येतो. आयुष्यभर जमिनीवर बसून भाजी निवडणाऱ्या बाईला खुर्चीवर बसून भाजी निवडणे किती परके वाटते हे ज्याचे त्यालाच कळेल.

फिजिओथेरपिस्ट माझ्या भाचीच्या वयाची होती आणि मला पहिल्या दिवसापासून ‘काकू’ म्हणत असे. तिने सर्वांत आधी शिंप्याकडे असते तसली टेप काढली, गुडघ्याच्या वाटीच्या वर बोटांनी अंतर मोजून दोन्ही मांड्यांवर पेनाने खूण केली आणि घेर मोजला. डावी मांडी उजवीपेक्षा अडीच सेंटीमीटरने बारीक झाली होती. अवघ्या चार आठवड्यांत! मला वाटत होते की माझे दुखणे गुडघ्यात आहे. तिच्या मते खरे काम मांडीत, आणि त्याहून जास्त कमरेच्या बाजूच्या स्नायूंत होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा सेकंद दाबून धरायची, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, टाच अंथरुणावरून ओढत जवळ आणायची, असा कंटाळवाणा कार्यक्रम दिवसातून तीनदा होता. तो कंटाळवाणा आहे हे तिलाही मान्य होते. ‘काकू, दुखणं मोजत बसू नका, सूज मोजा,’ हे तिचे वाक्य मात्र पुढचे वर्षभर माझ्या कामी आले. व्यायामाच्या वेळी दहापैकी दोन-तीन इतके दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळसारखाच दिसला पाहिजे. तसा दिसला नाही तर काल जास्त झाले, एवढाच त्याचा अर्थ.

सहाव्या आठवड्यात तिने चार इंच उंचीची पायरी आणायला सांगितले. मी स्वयंपाकघरातला पाट घेतला. पाटावर डावा पाय ठेवून उभे राहायचे आणि उजवी टाच मनात चार अंक मोजत हळूहळू खाली आणून जमिनीला केवळ टेकवायची, भार टाकायचा नाही, मग पुन्हा वर यायचे. ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटते. पहिल्या दिवशी दोनच्या अंकालाच माझी टाच धप्पकन आपटली आणि गुडघा आत, उजव्या गुडघ्याकडे, कलला. हे आत कलणेच घातक असते. वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे, आणि वरून वाकून पाहिले तर ती रेषा नीट दिसत नाही. त्यावर तिने उपाय सांगितला तो मला फार आवडला. वाटीच्या बरोबर मध्यावर एक टिकली लावायची आणि कपाटाच्या आरशासमोर उभे राहून टिकली कुठे जाते ते पाहायचे. लाल टिकली आत सरकली की थांबायचे, कंबर सावरायची आणि पुन्हा सुरुवात करायची. रोज तीस वेळा असे करता करता फेब्रुवारीच्या सुरुवातीला टिकली जागची हलेनाशी झाली आणि मी एकावर एक दोन पाट ठेवले. दूध तापेपर्यंत गॅससमोर डाव्या पायावर एकटे उभे राहायचे, हा तोल सांभाळण्याचा व्यायाम तर आता सवयीचाच झाला आहे.

माझी चूक नेमकी याच सुमारास झाली. सपाटीवर तीन-चार किलोमीटर चालता येऊ लागले होते, सूज नव्हती, आणि एका रविवारी सकाळी मी कोणाला न विचारता पर्वती चढले. १०३ पायऱ्या म्हणजे काय, असा तोरा होता. चढताना काहीच झाले नाही. वर देवदर्शन केले, गार वाऱ्यात बसले, आणि उतरताना चाळिसाव्या-पन्नासाव्या पायरीपासून पाय थरथरू लागला. प्रत्येक पायरीवर टाच आपटत होती. खाली आले तेव्हा दुखत नव्हते, म्हणून मी खुशीत होते. सोमवारी सकाळी वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे सुजेने भरून गेलेले होते. फिजिओथेरपिस्ट रागावली नाही. ‘चढलात ते चांगलं केलंत, पण उतरायला कोणी सांगितलं होतं?’ असे ती म्हणाली. मला ते तेव्हा थट्टेसारखे वाटले, कारण चढलेला माणूस उतरणारच. पण माझ्या बरे होण्याची सगळी किल्ली त्या प्रश्नात होती.

आपण डोंगराचे मोजमाप नेहमी चढाईने करतो. कळसूबाई १,६४६ मीटर, तोरणा १,४०३ मीटर, अमक्याने सिंहगड पाऊण तासात चढला, हे सगळे आकडे वर जाण्याचे असतात. उतरायला किती वेळ लागला हे कोणी अभिमानाने सांगत नाही. गुडघ्याचा हिशेब याच्या उलटा आहे. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच संवेदक बसवून मोजले आहे की सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून थोडा अधिक आणि उतरताना साडेतीन पटींच्या आसपास भार येतो. माझ्या ६४ किलोंच्या हिशेबाने हा भार प्रत्येक पावलाला सव्वादोनशे किलोंच्या घरात जातो, आणि पाठीवरची पिशवी वेगळी. तरीही चढ आणि उतार यांतला खरा फरक आकड्यापेक्षा स्नायूच्या कामात आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन शरीर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतानाच शरीराला धरून ठेवतो. विहिरीत भरलेला पोहरा सोडताना दोर हातातून निसटू न देता धरून धरून सोडावा, तसे हे काम असते. दोर धरणारा हात थकला की पोहरा आदळतो, आणि गुडघ्यात तो गादीवर आदळतो. पाटावरून टाच चार अंक मोजत खाली आणण्याचा व्यायाम हे सगळे काम चार इंचांत शिकवत होता, हे मला पर्वतीवर हसे झाल्यानंतर समजले.

त्यानंतर मी एक वही घातली. तिच्यात चार रकाने होते : तारीख, चढाईची मिनिटे, उतरणीची मिनिटे आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. मार्चमध्ये पुण्यातल्या वेताळ टेकडीपासून सुरुवात केली. सोय अशी की एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने रिक्षा जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे पहिले काही दिवस वर रिक्षाने जाऊन केवळ पठारावर, खाणीच्या कडेने, मातीच्या वाटेवर चालायचे आणि रिक्षानेच परत यायचे असे करता आले. ऊबडखाबड मातीवर चालणे हे डांबरावर चालण्याहून गुडघ्याला निराळेच असते. प्रत्येक पाऊल थोडे वेगळे पडते आणि घोट्याला नि गुडघ्याला क्षणाक्षणाला सावरावे लागते. मग रस्त्याने चालत चढणे आणि रिक्षाने उतरणे, मग अर्धे उतरणे, मग पूर्ण. पायऱ्यांपेक्षा उताराची वाट बरी, हे माझे मत तेव्हा बनले आणि अजून कायम आहे. पायरीची उंची ठरलेली असते, ती तुमच्या गुडघ्याला विचारत नाही. उतारावर मात्र पाऊल हवे तितके लहान टाकता येते, नागमोडी जाता येते.

मेअखेरीस सिंहगड. महाराष्ट्रात दुखऱ्या गुडघ्याच्या माणसासाठी सिंहगडाइतका सोयीचा गड नसेल, कारण आतकरवाडीतून पायवाटेने जवळजवळ सहाशे मीटर चढून वर जावे आणि वाहनतळावरून प्रवासी जीपने खाली यावे, अशी चढ आणि उतार यांची फारकत तिथे करता येते. पूर्वी मला ५५ मिनिटे लागत. या खेपेस एक तास चाळीस मिनिटे लागली. वाटेतल्या सरबतवाल्या बाईंकडे मी पूर्वी कधी थांबत नसे, आता प्रत्येक टप्प्याला थांबले. पुणे दरवाजातून आत गेल्यावर मडक्यातले दही खाल्ले आणि जीपच्या रांगेत उभी राहिले. दर रविवारी भेटणारे एक आजोबा, वय पंचाहत्तरीच्या पुढचे, तिथे होते. ‘काय ताई, उतरायला जीप?’ असे त्यांनी सगळ्यांसमोर विचारले. मी गुडघ्याची हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, आपली विजार गुडघ्यापर्यंत वर केली, आत घातलेला गुडघ्याचा पट्टा दाखवला आणि म्हणाले, ‘आम्ही पण जीपवालेच. फक्त सांगत नाही.’

चार रविवार असे गेले आणि पाऊस लागला. पावसाळ्यात आतकरवाडीची वाट शेवाळते, घाटरस्त्यावर दरडी येतात, आणि ओल्या मुरमावर बूट सुटतात; निरोगी गुडघ्याला जे चालून जाते ते मला चालणार नव्हते. ऑगस्टअखेरपर्यंत मी टेकडी, जिना आणि पाट यांच्यापलीकडे गेले नाही. एकदा मैत्रिणींनी भर आषाढात लोहगडाला नेण्याचा आग्रह धरला, तेव्हा मी पायथ्याच्या लोहगडवाडीत भजी खात बसून त्यांच्या पिशव्या सांभाळल्या. हे लिहायला सोपे आहे. त्या दिवशी ढगात गेलेल्या विंचूकाट्याकडे, म्हणजे लोहगडाच्या लांबट माचीकडे, पाठ करून बसले होते.

या काळात काठ्यांचा सराव केला. दोन काठ्या घेऊन चालणाऱ्यांना मी पूर्वी मनातल्या मनात हसत असे, हे कबूल करते. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी काठी ठेवायची, उतारावर ती थोडी लांब करायची, आणि उतरताना आधी दोन्ही काठ्या खाली टेकवून भार त्यांवर घेतल्यावर मग डावा पाय टाकायचा. काठीवर अर्धवट विश्वास ठेवून चालत नाही. एकतर भार तिच्यावर द्यायचा, नाहीतर ती पिशवीला लावून टाकायची. पाऊल टाकताना गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, ताठ पायाने टाच आपटायची नाही, आणि घसारा दिसला की आडवे होऊन उतरायचे. हे सगळे आम्हाला विशीत कोणी शिकवले नाही. उड्या मारत उतरणे हेच तेव्हा कौशल्य समजले जाई.

आणखी एक अडचण सहसा कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. गडावर मुक्काम करायचा तर सकाळी झाडीआड उकिडवे बसणे भाग असते, आणि मला पूर्ण दुमडून बसायची परवानगी नव्हती. यावर तोडगा असा निघाला की पहिले वर्षभर मुक्काम करायचाच नाही, घरून आवरून निघायचे आणि संध्याकाळी घरी. बायकांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट असते आणि तिच्यामुळे कितीतरी जणी पाणीच कमी पितात. थकलेला, कोरडा पडलेला स्नायू उतरणीवर आधी दगा देतो, हे लक्षात घेतले तर तो मार्ग गुडघ्याच्याही मुळावर येणारा आहे. मी एका जाड बुंध्याला दोन्ही हातांनी धरून अर्धवट बसण्याची युक्ती शिकले. दिसायला ती काही शोभिवंत नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी सिंहगड चालत चढले आणि प्रथमच चालत उतरले. चढायला एक तास वीस मिनिटे, उतरायला एक तास पंचेचाळीस. उलटे लिहिलेले नाही. उतरायलाच जास्त वेळ लागला. शाळकरी मुले माझ्या दोन्ही बाजूंनी खडे उडवत पळत खाली गेली. मध्यावर एका ठिकाणी मांडी थरथरते आहे असे वाटले तेव्हा मी वाट सोडून दगडावर वीस मिनिटे बसले, शेंगदाणे खाल्ले, आणि थरथर पूर्ण थांबल्यावरच उठले, कारण थकलेल्या स्नायूवर पुढचे पाऊल टाकणे म्हणजे काय हे पर्वतीने दाखवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा थोडा जड होता. खळगे जागेवर होते. त्याच आठवड्यात टेप पुन्हा निघाली आणि दोन्ही मांड्यांतला फरक अर्ध्या सेंटीमीटरवर आला होता. डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय काढला नाही. फाटलेले बहुधा फाटलेलेच असेल, पण तुम्ही गुडघ्याने चालता, चित्राने नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

दिवाळीनंतर राजगडाला गेलो, या वेळी पाली दरवाजाने. हा राजमार्ग, वरच्या अंगाला रुंद पायऱ्या आहेत आणि वाट गुंजवण्याच्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. गेल्या वर्षीचे तिघे सोबती बरोबर होते, आणि तिघेही माझ्या पावलांकडे इतके बारीक लक्ष ठेवून होते की त्यांतला एक स्वतःच ठेचकाळला. पद्मावती माचीवर पोहोचलो, तळ्याकाठी डबे उघडले. बालेकिल्ल्याचा कातळ मी केला नाही. तिथे हातांनी चढता येते, पण उतरताना एका पायरीवर डावा गुडघा पूर्ण वाकवून उजवा पाय चाचपडत खाली सोडावा लागतो, आणि ते मी पाटावर अजून केलेले नव्हते. दोघे वर जाऊन आले तोवर मी चोरदरवाजापाशी जाऊन उभी राहिले. खालून एक तरुण घोळका धापा टाकत त्या अरुंद दारातून वर येत होता. त्यांच्यातल्या एकीने विचारले, ‘काकू, उतरायला ही वाट बरी का?’ मी म्हणाले, पाली दरवाजाने उतरा, लांब आहे पण बरी आहे. तिने मान डोलावली. तासाभराने ती सगळी चोरदरवाजानेच उतरताना दिसली.

आम्ही पालीकडून उतरलो. पायऱ्या संपल्यावर मातीची वाट लागली, तेव्हा एका सोबत्याने गप्पा सुरू केल्या आणि मी त्याला म्हणाले, गावात पोहोचल्यावर बोलू. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : चढ २ तास १० मिनिटे, उतार २ तास ३५ मिनिटे. सकाळचा रकाना दुसऱ्या दिवशी भरला : सूज नाही, डावा गुडघा ठीक, उजवी पोटरी भयंकर दुखते आहे.